सुटलेली ओवी

९ फेब्रुवारी

वहिनी निवडून आली. तीनशे अकरा मतांनी.

हे वाक्य तीन तऱ्हांनी लिहून पाहिलं. ‘आपण निवडून आलो’ असं लिहिताना हात थांबला. ‘काजल निवडून आली’ हे आबांना आवडलं नसतं, ही वही त्यांच्या हाती कधी पडणार नसली तरी.

पंचायत समितीचा आमचा गण या वेळी महिलांसाठी राखीव झाला. डिसेंबरात आमच्या बाजूचे पुढारी भाऊसाहेब घरी आले, तेव्हा घरात दोन बाया होत्या. एक मी, बी.ए. झालेली, सव्वीस वर्षांची. दुसरी काजलवहिनी, साखरखेर्ड्याची, बारावी कशीबशी पास. दादा पुण्याला कंपनीत असतो, म्हणून ती इथेच असते. भाऊसाहेब बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, “रंगराव, लेकीले काय उभं करता? लेक उद्या दुसऱ्याच्या घरची. सून पक्की.” सगळे हसले. आबाही. मी ट्रे घेऊन उभी होते.

तिची सगळी भाषणं मी लिहिली. अर्ज मी भरला, सगळीकडे माझाच फोन नंबर टाकला, कारण वहिनीला स्वतःचा पाठ राहत नाही. आज तिचे केस गुलालाने भरले आहेत. मलाही कुणीतरी गुलाल लावला. आरशात पाहिलं तर कपाळाला नाही, भुवईला लागला होता.

मला आनंद झाला आहे. हे लिहून ठेवते.

११ फेब्रुवारी

शाळेत जाण्याआधी मला अक्षरं येत होती. आबांनी ती पोथीवर बोट ठेवून शिकवली. आबा तीस वर्षं रोज संध्याकाळी महादेवाच्या देवळात पोथी वाचतात. बोलताना कसंही बोल, लिहिताना शुद्ध लिही, हे त्यांचंच. आणि एक नियम त्यांनी मला पाच वर्षांची असताना शिकवला. वाचताना एखादी ओवी सुटली, तर तसंच पुढे जायचं नाही. “सुटलं” असं ऐकणाऱ्यांसमोर मोठ्याने म्हणायचं, मागे जायचं, आणि तिथून पुन्हा घ्यायचं. “लाज वाटली तरी घ्याची,” आबा म्हणत. “ऐकणाऱ्याचा भरोसा त्याच्यावरच असते.”

सगळी पोथी मला पाठ आहे. देवळात मात्र आबांनी मला कधी वाचू दिलं नाही. लेकीने घरी वाचावं, एवढंच म्हणायचे. मीही कधी विचारलं नाही.

जानेवारीत त्यांनी वहिनीला तिथे बसवलं.

आमच्या वस्तीतली चाळीस घरं जुन्या वळणाची आहेत. एकादशी पाळणारी, दारूला न शिवणारी. भाषणांवर त्यांचा विश्वास नाही. आबांच्या वाचनावर आहे. म्हणून प्रचारात आबांनी सुनेला पोथीपुढे बसवलं आणि एक अध्याय वाचायला लावला. ती दर चौथ्या ओवीला अडखळत होती. शेजारच्या तानुबाई बायकांच्या ओळीतून पुढचा शब्द सांगायच्या. वहिनी मान वर करून म्हणायची, “हाव माय, तोच!” आणि सगळं देऊळ हसायचं. “आपल्यातलीच पोट्टी आहे,” असं वस्तीतले भाऊराव म्हणाले. मी खांबामागे बसले होते. माझे ओठ हलत होते, एकही शब्द न चुकता.

त्याच दिवशी आबांनी शब्द दिला. शाळेच्या वळणावर विरोधी बाजूचा पुढारी रामराव, त्याचं देशी दारूचं दुकान आहे. ते हटवायचं, म्हणूनच तर चाळीस घरं भाऊसाहेबांच्या मागे उभी राहिली. भाऊसाहेबांनी देवापुढे सांगितलं की मरेन पण रामरावच्या बाजूला जाणार नाही. कुणी मान हलवली नाही. मग आबा उठले, पोथीवर बेलभंडारा ठेवला, उचलला, आणि म्हणाले, “त्याइचं ते पाहून घेतीन. माह्या घरचा हात रामरावसाठी वर झाला, तर मी ह्या पोथीले पुन्हा हात लावणार नाही.”

तेव्हा माना हलल्या.

१३ फेब्रुवारी

वहिनी सहलीला गेली.

बारा जणांत आमचे पाच, रामरावचे पाच, दोन अपक्ष. सव्वीस तारखेला सभापतीची निवड आहे, हात वर करून. तोवर कुणी फुटू नये म्हणून सगळीकडे करतात तसं सदस्यांना गाडीत घालून लांब नेलं. कोकणात, म्हणे. वहिनीने नवी निळी साडी नेसली होती. जाताना माझ्या गळ्यात पडून म्हणाली, “निशाताई, तुमच्यासाठी काय आणू?” मी म्हटलं, काही नको.

साडी माझी होती. तिनेच मागितली होती, मीच दिली होती. तरी तिच्या अंगावर पाहून वाटलं की कपाटातच बरी होती.

१६ फेब्रुवारी

लोक येऊन विचारतात. चहा मी करते. तानुबाई आज ओसरीवर बसून म्हणाल्या, “काय वं निशे, काय म्हंते आपली मेंबरीण? समुद्र पाहून राह्यली का?”

“फोन बंद आहे,” मी सांगितलं.

“बंदच राहीन माय. मतं पडेपर्यंत फोन चालू, मंग बंद.”

भाऊराव म्हणाले, “तीस वरीस झाले, जो देवाचं नाव घेईन त्याले मत देलं. आता देवाचं नाव घेणाऱ्याचीच भीती वाटते मले.”

आबा हरभऱ्याच्या सोंगणीबद्दल बोलू लागले. त्यांना विषय बदलताना मी पहिल्यांदा पाहिलं.

१८ फेब्रुवारी

हे नीट लिहायला हवं.

दुपारी साडेबाराला अनोळखी नंबरवरून फोन आला. मी परसात होते. वहिनी होती, कुजबुजत बोलत होती.

“निशाताई, मी काजल. खोल्या झाडणाऱ्या बाईचा फोन आहे हा. आमचे सगळ्याइचे फोन पिशवीत टाकून नेले. भाऊसाहेबानं रामरावसंग हात मिळवला वो. त्याच्याच सुनेले सभापती करून राह्यले. मामाजीले सांगा, मी हात वर करत नाही. काही झालं तरी नाही. अन् सव्वीसले आपले दहा-पाच माणसं फाटकाशी उभे करा. माणसं दिसले तर मले धीर येईन. तुमचाच नंबर पाठ आहे मले, फारमावर पाहून पाहून. सांगसान ना?”

मी “हो” म्हटलं. फोन कटला.

आबा शेतात होते. संध्याकाळी आले, हातपाय धुतले, देवळात गेले, आले, जेवले. मी सांगितलं नाही.

का, ते लिहिते. ऐकलेली गोष्ट दोनदा तपासल्याशिवाय सांगू नये, ही आबांचीच शिकवण. फोन तिचा नव्हता. मागे कुणीतरी हसत होतं, कदाचित तीही हसत असेल. उद्या तिने हात वर केला आणि आबांनी गावभर उलटंच सांगितलेलं असलं, तर? आबांची जास्त शोभा होईल. एवढी माणसं गाडी करून तालुक्याला न्यायची, तीही एका अर्धवट फोनवर. शिवाय तिला ठाम राहायचं असेल तर ती राहीलच. फाटकाशी माणसं कशाला लागतात?

या सगळ्यात चूक काही सापडत नाही. दोनदा वाचून पाहिलं.

१९ फेब्रुवारी

आबांनी विचारलं, “निशे, तिचा काही निरोप?”

मी म्हटलं, “फोन बंद आहे, आबा.”

हे खरं होतं. मी लगेच लावूनही पाहिला, बंदच होता. आता लिहिताना लक्षात येतं आहे की प्रश्न निरोपाचा होता आणि उत्तर मी फोनचं दिलं.

२१ फेब्रुवारी

तालुक्याच्या एका ग्रुपवर फोटो आला. मागे समुद्र. वाळूत सहा-सात बाया ओळीने उभ्या, काजलवहिनी मधोमध. शेजारी रामरावची सून. वहिनीच्या डोक्यावर पदर नाही. डोळ्यांवर कुणाचा तरी काळा चष्मा. माझी निळी साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. आणि ती हसते आहे, देवळात हसायची तशीच.

मी समुद्र पाहिलेला नाही.

फोटो बराच वेळ पाहिला. मग वाटलं, बघा, माझी शंका खोटी नव्हती. हिच्या भरवशावर मी माणसं गोळा करणार होते!

तानुबाई दळण घेऊन चालल्या होत्या. “काय पाहून राह्यली वं येवढं?” त्यांनी विचारलं. मी लपवायला हवं होतं का? लपवणंही खोटंच असतं. दाखवला. म्हातारीला नीट दिसावं म्हणून दोन बोटांनी मोठा करून दाखवला.

त्यांनी दळणाचा डबा खाली ठेवला, पुन्हा उचलला. “पुढाऱ्याचं मले काही वाटत नाही,” शेवटी म्हणाल्या. “ते गावात हात जोडते अन् गावाबाहेर हात मिळवते. पण रंगरावची सून?”

दुपारपर्यंत चाळीसही घरांना माहीत झालं होतं.

२२ फेब्रुवारी

आज देवळात चारच माणसं आली. एरवी पंचवीस-तीस असतात. आबा पोथी उघडून थोडा वेळ थांबले. कुणी येतं का ते पाहत होते. मग भाऊरावांना म्हणाले, “हात अजून वर झाला नाही, भाऊराव.”

“नाही झाला. पण लोकाइच्या मनात झाला, आबा.”

आबांनी अर्धाच अध्याय वाचला. पोथी लाल फडक्यात गुंडाळली, गाठ मारली, कपाळाला लावली आणि चौरंगावर ठेवली. “सव्वीसपर्यंत मी वाचत नाही. भरोसाच नसंन, तर कोणाले वाचून दाखू?”

ते उठले तेव्हा त्यांनी भिंतीला हात टेकवला. मी कधी त्यांना टेकवताना पाहिलेलं नाही.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. तेवढ्यात तानुबाई म्हणाल्या, “वाचन खंडू देऊ नोका. निशी वाचते. तिले सारी पोथी येते.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

मी तोंड मिटलं.

२३ फेब्रुवारी

मी वाचलं. पहिल्यांदा, देवळात, आबांच्या जागेवर.

सकाळपासून जेवण गेलं नव्हतं. पांढरी साडी नेसले, केस घट्ट बांधले. एक रात्र नव्हे, वीस वर्षं वाट पाहिली होती. फडक्याची गाठ सोडली. सगळा अध्याय वाचला, एक अक्षर अडखळलं नाही, एक ओवी सुटली नाही.

सहा जण होते. कुणालाही पुढचा शब्द सांगावा लागला नाही. तानुबाईंनी दोनदा जांभई दिली. संपल्यावर भाऊराव म्हणाले, “शुद्ध वाचते.” बस, एवढंच.

आबा घरीच होते. ओसरीवर एकटे बसले होते. मी प्रसादाची साखर त्यांच्या हातावर ठेवली, ती त्यांनी मुठीत तशीच धरून ठेवली.

२५ फेब्रुवारी

उद्या निवड. अजूनही सकाळी लवकर सांगितलं तर दहा माणसं जातील. ऑटो नसली तरी उंद्रीपर्यंत चालत, पुढे गाडीने.

फोटोतली ती खरी की फोनवरची, हे मला कुठे ठाऊक आहे?

तिने हात वर केला तर मी बरोबर ठरेन. असं मी लिहिलं आहे. खोडणार नाही, कारण मनात ते आलं होतं.

२६ फेब्रुवारी

दुपारी चारला कादरची ऑटो दारात येऊन थांबली. कादर उंद्री ते आमचं गाव फेऱ्या मारतो. मागे वहिनी बसली होती. पायात चप्पल नव्हती, पिशवी नव्हती, निळ्या साडीला खाली मिठाचे पांढरे डाग होते.

कादर उतरायच्या आधीच बोलायला लागला. “आबा, घ्या तुमची सून! मी पेशंट घेऊन तालुक्याले गेलतो, म्हटलं पाहू काय तमाशा आहे. खिडकीतून सारं दिसत होतं. रामरावच्या सुनेचं नाव घेतलं, नऊ हात वर. हे बाई हात मांडीवर ठेवून बसलेली. भाऊसाहेब मागून डोळे वटारून राह्यले, कोणी कोपर ढोसून राह्यलं, पण हात काही हालला नाही. बाहेर निघाली तं गाडीत घेतलं नाही तिले. सामान गाडीतच. चप्पल त्या धक्काबुक्कीत गेली. अन् सारा वेळ फाटकाकडं पाहत होती, आबा. गावचा मी एकटाच होतो तिथं. मलेच हात केला तिनं.”

आबा ओसरीच्या पायरीवर उभे होते. त्यांचा चेहरा मी पाहिला नाही. मला पाहता आला नाही.

“तरी दुकान राहिलंच,” वहिनी म्हणाली. “नऊ पुरले त्याइले. तो फोटोबी त्याइनंच काढला मामाजी, समद्याइले उभं करून. मी पहिल्यांदाच समुद्र पाहत होती, हसू आलं मले.” मग तिने विचारलं, “पण माणसं काऊन नाही आली वो मामाजी? मी निशाताईले...”

ती थांबली. माझ्याकडे पाहिलं.

“फोन केलता,” ती म्हणाली. “पण मधीच कटला. ताईले ऐकू गेलं नसंन.”

मी पाणी आणायला आत गेले. बादली भरली होती, तरी नळाखाली धरून उभी राहिले.

२७ फेब्रुवारी

काही लिहायचं नव्हतं. पण हे लिहिते. मला वाचवायलाही ती माझ्या आधी पोचली. एवढं तरी माझ्यासाठी ठेवायला हवं होतं तिने.

तिच्या पायाला चरा पडला आहे. सकाळी मी हळद लावून दिली. ती म्हणाली, “ताई, तुमची साडी खराब झाली.” मी म्हटलं, राहू दे तुझ्याकडेच.

दोघींपैकी कुणीही फोनचं नाव काढलं नाही.

२८ फेब्रुवारी

दिवसभर लोक येत होते. चाळीस घरांतलं एकही घर चुकलं नाही. बायका वहिनीची ओटी भरून गेल्या. तानुबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि रडल्या. भाऊराव म्हणाले, “पुढारी सारे फुटले, पोट्टी नाही फुटली. उद्यापासून आबा, वाचन सुरू करा.”

आबा म्हणाले, “नाही.”



“हात वर नाही झाला, शब्द राह्यला, ते खरं. पण मी काय केलं? फोटो पाहून पोथी बांधून टाकली. माह्याच सुनेवर माहा भरोसा राह्यला नाही. तो भाऊसाहेब खोटा बोलला अन् मी खोटा निघालो, फरक काय?” मग ते माझ्याकडे वळले. “निशी वाचते. ह्या घरात एकच आहे, जिच्या तोंडून कधी खोटं निघालं नाही.”

लहानपणापासून जे मागावंसं वाटलं, ते सगळं मला त्या एका वाक्यात मिळालं.

वहिनी भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

१ मार्च

देऊळ भरलं होतं. वहिनी बायकांच्या ओळीत तानुबाईंच्या शेजारी. आबा मागे, दाराजवळ, जिथे मी बसायचे त्या खांबाला टेकून.

गाठ सोडली. पहिल्या तीन ओव्या वाचल्या. चौथी डोळ्यांसमोर होती, पाठही होती. तोंडातून ती आली नाही. दुसरंच आलं.

“सुटलं,” मी म्हटलं.

भाऊरावांनी पोथीकडे पाहिलं. “नाही सुटलं. बरोबर आहे.”

“इथलं नाही. अठरा तारखेचं. वहिनीचा फोन कटला नव्हता. तिनं सगळं सांगितलं होतं. हात वर करत नाही, आबांना सांगा, फाटकाशी माणसं उभी करा. मला नीट ऐकू आलं. मी ‘हो’ म्हटलं. आणि सांगितलं नाही. आबांनी सरळ विचारलं, तरी नाही.”

बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली, ती जाईपर्यंत सगळे ऐकत होते.

मग तानुबाई म्हणाल्या, “मंग तो फोटो मोठा करून काऊन दाखवला वं मले?”

“तुम्हाला नीट दिसावं म्हणून,” मी म्हटलं. हे उत्तर मी वहीत लिहिलं होतं तेव्हा बरोबर वाटलं होतं. तिथे मोठ्याने म्हटलं तेव्हा ते काय आहे ते मलाच ऐकू आलं. “ती इथं बसून वाचत होती, म्हणून,” मी म्हटलं. “मला कधी बसवलं नाही.”

एवढं मोठं बोलले, आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत, आणि वर पाहिलं तर सगळे वहिनीकडे पाहत होते. हिने हेही झाकून घेतलं होतं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मी उठायला लागले.

“बस,” मागून आबा म्हणाले. आवाज नेहमीसारखा नव्हता. ते खांब सोडून पुढे आले, ऐकणाऱ्यांच्या ओळीत, अगदी माझ्यासमोर, मांडी घालून बसले. “काऊन बसवलं नाही, ते मले विचार कधी. मी सांगीन. आता सुटली तिथून घे.”

मी चौथी ओवी घेतली. अर्ध्यावर डोळे भरले आणि अक्षरं दिसेनाशी झाली. पाठ होतं ते कुठे गेलं कळेना. अडखळले. देवळात, सगळ्यांसमोर, मी.

बायकांच्या ओळीतून कुणीतरी पुढचा शब्द सांगितला. तानुबाईंचा आवाज नव्हता, वहिनीचा होता. आणि शब्द साफ चुकीचा होता.

“हाव माय, तोच!” तानुबाई म्हणाल्या, आणि आधी भाऊराव हसले, मग सगळे. आबाही हसले. वहिनीने पदर तोंडाला लावला होता.

मी डोळे पुसून बरोबर शब्द वाचला. जरा मोठ्यानेच वाचला, हेही लिहून ठेवते.